पेढीवरचा ऐकणारा संगणक

मार्केट यार्डातील धान्याची एखादी जुनी पेढी डोळ्यांसमोर आणावी. चाळीस वर्षे रोजमेळ स्वतःच्या हाताने लिहिणाऱ्या शेठजींच्या बोटांना आता कंप सुटतो. कळफलकावर एक अक्षर दाबावे तर दोन उमटतात. सुटीत घरी आलेला नातू दुकानाच्या संगणकावर आवाजाने लिहिण्याची सोय सुरू करून देतो. आजोबा बोलतात आणि पडद्यावर शब्द उमटतात. परगावच्या आडत्यांना जाणारी पत्रे पुन्हा त्यांच्याच शब्दांत जाऊ लागतात, आणि घरातील सर्वांना त्याचा आनंद होतो.

नातू परत गेल्यावर महिन्याभरात मुनीमजींची तक्रार सुरू होते. संगणक मंद झाला आहे. पडद्याच्या वरच्या कडेला मायक्रोफोनचे चित्र येऊन बसते ते हलत नाही. गिऱ्हाइकाशी भावाची आणि उधारीची बोलणी चालू असताना हे यंत्र सारे ऐकत तर नसेल? शेजारचा एक जण सांगतो, ‘हा व्हायरस आहे, फाईल पुसून टाका.’ फाईल पुसावी तर आजोबांचे लिहिणे थांबते. तशीच ठेवावी तर गिऱ्हाइकाचा विश्वास धोक्यात येतो. असा पेच कोणत्याही पेढीवर उभा राहू शकतो. यंत्राच्या आत काय चालते हे थोडे समजून घेतले, तर तो सुटण्याजोगा आहे.

आवाज ओळखणाऱ्या यंत्राचा इतिहास तसा जुना आहे. 1952 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्रे’ नावाचे यंत्र बनले. ते केवळ शून्य ते नऊ हे अंक ओळखत असे. पुढे 1962 मध्ये आयबीएमने सोळा शब्द ओळखणारे ‘शूबॉक्स’ जगासमोर मांडले. या शास्त्राच्या वाढीत आंध्र प्रदेशात जन्मलेल्या राज रेड्डी यांचा वाटा फार मोठा आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठातील त्यांच्या संशोधनाने अखंड बोलणे ओळखण्याचा मार्ग प्रशस्त केला. 1994 साली त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. 2007 साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ‘विंडोज स्पीच रेकग्निशन’ ही सोय संगणकासोबतच मिळू लागली.

यंत्र ऐकते म्हणजे नेमके काय करते? तत्त्वार्थसूत्राने शब्दाची गणना पुद्गलाच्या पर्यायांत केली आहे. वैशेषिकांप्रमाणे त्याला आकाशाचा गुण मानलेले नाही. ध्वनी हा स्पर्शणारा, आदळणारा, मोजता येणारा आहे, ही कल्पना जैन वाचकाला नवी नाही. संगणक हेच मोजमाप करतो. मायक्रोफोनवर आदळणाऱ्या हवेच्या कंपनांची तो सामान्यतः सेकंदाला सोळा हजार वेळा नोंद घेतो. त्या नोंदींचे अत्यंत लहान तुकडे पाडून कोणता तुकडा कोणत्या वर्णाच्या उच्चाराशी जुळतो, हे तो पाहतो. मग भाषेत कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज घेऊन तो वाक्य जुळवतो. तेव्हा यंत्र लिहिते तो त्याचा तर्क असतो. पंख्याचा आवाज, हमालांची हाक, मायक्रोफोनचे अंतर यांनी तो तर्क सहज चुकतो. 2006 साली व्हिस्टाच्या एका जाहीर प्रात्यक्षिकात आईला लिहावयाच्या पत्राचे मायन्यातच भलतेच काही झाले आणि सभागृहात हशा पिकला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे.

हे काम संगणकात पडद्याआड चालणाऱ्या प्रक्रिया करीत असतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो. चालू प्रक्रियांची ती जणू खतावणीच होय. जुन्या स्पीच रेकग्निशनची प्रक्रिया तेथे एस-ए-पी-आय-एस-व्ही-आर या अक्षरांच्या नावाने दिसते. विंडोज 10 आणि 11 मध्ये ‘स्पीच रनटाइम’ नावाची प्रक्रियाही आढळते. ‘सीटीएफमॉन’ नावाची आणखी एक प्रक्रिया अनेकांना संशयास्पद वाटते. ती भाषा बदलणे, कळफलक आणि इतर मार्गांनी मजकूर भरणे ही कामे सांभाळते. तिला कायमचे बंद केले, तर मराठी टंकलेखनातच अडथळा येण्याचा संभव असतो.

एखादी प्रक्रिया खरी की तिचे सोंग घेतलेली, हे ठरविण्याची रीत सोपी आहे. तिच्या नावावर माउसची उजवी कळ दाबून ‘ओपन फाईल लोकेशन’ निवडावे. खरी फाईल विंडोजच्याच फोल्डरमध्ये, त्यातील ‘स्पीच’, ‘स्पीच वनकोअर’ किंवा ‘सिस्टिम 32’ या कप्प्यांत असते. तेच नाव धारण केलेली फाईल डाउनलोड्समध्ये किंवा तात्पुरत्या फाईलींच्या फोल्डरमध्ये सापडली, तर अँटिव्हायरसने तपासणी करावी. फोनवरून ‘तुमच्या संगणकात व्हायरस आहे, आम्हांस आत येऊ द्या’ असे सांगणाऱ्या अनोळखी व्यक्तीला मात्र संगणकाचा ताबा कदापि देऊ नये. हुंडीवरची सही ओळखीची आहे की नाही, हे पाहिल्यावाचून पैसा न देणाऱ्या समाजाला ही सावधगिरी वेगळी शिकवावी लागू नये.

प्रक्रिया खरी ठरली तर ती पुसू नये. विंडोजच्या फोल्डरमधील फाईल हाताने काढून टाकणे म्हणजे भिंतीला ओल आली म्हणून खांब तोडण्यासारखे आहे. टास्क मॅनेजरमधून ती थांबविली, तर तेवढ्यापुरती थांबते. मूळ सोय चालू असेल तर संगणक पुन्हा सुरू होताच ती परत येते. योग्य उपाय सोयीच्या मुळाशी आहे. जुन्या स्पीच रेकग्निशनसाठी कंट्रोल पॅनेलमधील ‘इज ऑफ ॲक्सेस’ विभागात ‘ॲडव्हान्स्ड स्पीच ऑप्शन्स’ उघडावेत आणि संगणकासोबत आपोआप सुरू होण्याच्या पर्यायापुढील खूण काढावी. मग आजोबांना हवे तेव्हाच ती सोय सुरू करता येते.

तेथेच आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, ‘थांब’ म्हटल्यावर यंत्र काय करते. एका पद्धतीत मायक्रोफोनचे ऐकणे पूर्ण बंद होते व हाताने कळ दाबल्याखेरीज सुरू होत नाही. दुसऱ्या पद्धतीत यंत्र केवळ झोपल्यासारखे होते आणि जागे करणाऱ्या शब्दाची वाट पाहत कान देऊन राहते. गिऱ्हाइकांचा राबता असलेल्या पेढीवर पहिलीच पद्धत उचित. दुसरी गोष्ट म्हणजे दस्तऐवज आणि ईमेल वाचून आपल्या वापरातील शब्द शिकून घेण्याचा पर्याय. त्याने अचूकता वाढते. परंतु ज्या संगणकावर सर्वांचे हिशेब आहेत, तेथे ही परवानगी विचारपूर्वकच द्यावी.

विंडोज 11 मध्ये चित्र काहीसे बदलले आहे. 2024 च्या सप्टेंबरपासून नव्या आवृत्त्यांत जुन्या स्पीच रेकग्निशनची जागा ‘व्हॉइस ॲक्सेस’ने घेतली. भाषेची फाईल एकदा उतरवून घेतली की ते संगणकातच काम करते. त्याला इंटरनेट लागत नाही. याउलट विंडोज आणि एच या दोन कळांनी सुरू होणारे ‘व्हॉइस टायपिंग’ बोललेले शब्द इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरकडे पाठवून ओळखून घेते. जुन्या सोयीत मराठी नव्हती. विंडोज 11 च्या व्हॉइस टायपिंगमध्ये मराठी, हिंदी आणि गुजराती आहेत. म्हणजे मराठीत बोलून लिहावयाचे तर आवाज पेढीबाहेर जातो, हे जाणूनच वापर करावा. सेटिंग्जमधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’ विभागात मायक्रोफोनचे पान आहे. कोणत्या ॲपला परवानगी आहे आणि कोणी तो केव्हा वापरला, हे तेथे दिसते. नको त्यांची परवानगी काढून घ्यावी.

हा प्रश्न केवळ तंत्राचा नाही. श्रावकाच्या अणुव्रतांत अदत्तादानाचा त्याग आहे; न दिलेले घेऊ नये. समोर बसलेल्या शेतकऱ्याने किंवा व्यापाऱ्याने आपली अडचण पेढीला सांगितलेली असते, पेढीवरच्या यंत्राला नव्हे. त्याचे शब्द त्याच्या नकळत कोठे नोंदले गेले, तर रुपया न घेताही काहीतरी घेतले गेलेच. महाराजसाहेबांचे प्रवचन संगणकाला ऐकवून उतरवून घेण्याची इच्छा अनेकांना होते. तेथेही प्रथम त्यांची अनुज्ञा घ्यावी. पुढे उतरलेला मजकूर जाणकाराकडून तपासून घ्यावा, कारण प्राकृत पदे यंत्राच्या ओळखीची नसतात आणि एका अक्षराने अर्थाचा अनर्थ होतो.

रकमांविषयी तर नियमच करावा. ‘सव्वातीनशे’, ‘अडीच हजार’, ‘पावणेदोन लाख’ हे बोल यंत्र अंकांत बरोबर उतरवील याची शाश्वती नाही. पत्राचा मजकूर आवाजाने लिहावा. आकडा मात्र हाताने भरावा आणि दुसऱ्याने ताडून पाहावा.

आता त्या पेढीकडे पुन्हा वळावे. फाईल पुसण्याची गरज उरलेली नाही. आपोआप सुरू होण्याची खूण काढल्यावर संगणक उघडताच येणारे मायक्रोफोनचे चित्र आणि त्यापायी पडणारा भार दोन्ही जातात. दुपारी गर्दी ओसरल्यावर मुनीमजी आतल्या खोलीतील संगणकाला कानावर बसणारा, तोंडाजवळ मायक्रोफोन असलेला हेडसेट जोडून देतात. शेठजी अर्धा तास पत्रे सांगतात, आकडे मुनीमजी भरतात, वाचून दाखवतात आणि मग मायक्रोफोन बंद होतो. भाषासमिती विचारपूर्वक बोलण्यास शिकविते आणि वचनगुप्ती बोलणे आवरण्यास. त्या पेढीवर आता आजोबांचे बोलणे चालू राहते, आणि गिऱ्हाईक समोर येऊन बसले की यंत्राचा कान मिटलेला असतो.