जुने घड्याळ, कोरी तबकडी

आमचा धंदा कापडाचा. थान उलगडून, पोत बोटांत धरून, किनारीचा एखादा धागा ओढून पाहिल्याशिवाय आम्ही सौदा करीत नाही. असे असूनही मागील वर्षी मोबाईलवर फोटो पाहून फेवर ल्यूबाचे 'सी चीफ' साडेचार हजारांना घेतले. मरहूम वालिदांच्या मनगटावर हेच घड्याळ असे; तसेच जावयाला द्यावे, असे मनात होते.

पार्सल आले, तबकडी अगदी कोरी. बाजारातील घड्याळवाल्या चाचांनी मागचे झाकण उघडले आणि भिंग डोळ्यावरून न काढताच म्हणाले, "भाई, बाहेर नाव स्विस, आत मशीन एचएमटीचे."

एचएमटीचे मशीन काही वाईट नव्हे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळुरूत १९६१ साली ही घड्याळे बनू लागली आणि २०१६ साली सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. देशभर इतकी घड्याळे खपली, की मोडीतले सुटे भाग मुबलक मिळतात. मग ते कोणत्याही नावाच्या केसमध्ये बसवले जातात. परदेशी शौकीन अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हे ऐकून आम्हांस वाईट वाटले, कारण तबकडी रंगवणारा आपल्यातलाच कारागीर असतो. रंगवणे हे हुनर आहे. रंगवलेली वस्तू मूळची म्हणून विकणे हा दगा आहे.

तेव्हा प्रथम तबकडी पाहावी. फोटो मोठा करून अक्षरांच्या कडा बघाव्यात. कारखान्यातील छपाई बारीक व रेखीव असते, नव्याने छापलेली जाड, पसरट. सहाच्या आकड्याखालच्या 'स्विस मेड' या बारीक अक्षरांत फसवणूक लवकर सापडते. एचएमटी 'पायलट'ची ओळख काळ्या तबकडीची. ती लाल, नारंगी, पोपटी दिसली की रंग मागाहून चढवला असे समजावे. पन्नास वर्षांची केस घासलेली आणि तबकडी मात्र नवी कोरी, हा मेळ बसतच नाही.

अंधारात चमकणाऱ्या रंगाला आपण सरसकट 'रेडियम' म्हणतो. खरे रेडियम फार जुन्या घड्याळांत असे. पुढे ट्रिटियम आले. अशा तबकडीवर 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना 'टी' हे अक्षर असते. ट्रिटियमचा जोर सुमारे बारा वर्षांत निम्मा होतो. म्हणजे १९७० सालचे 'टी'वाले घड्याळ आज लख्ख चमकत असेल, तर रंग नवा आहे. काट्यांवरचा रंग आणि आकड्यांवरचा रंग वेगळा असेल, तर काटे बदललेले असू शकतात. एक इशारा: खऱ्या रेडियमची तबकडी कधीही खरवडू नये, ती भुकटी श्वासात जाणे घातक आहे.

आखाती देशांतून आलेली सिको फाइव्ह आपल्याकडे घरोघरी आहेत. त्यांची परीक्षा सोपी. मागच्या झाकणावरील पहिले चार आकडे म्हणजे मशीनचा नंबर, उदाहरणार्थ ७००९. तबकडीच्या तळाशी बारीक अक्षरांत तोच नंबर असावा. झाकणावरील दुसऱ्या, सलग नंबराचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा सांगतो, दुसरा महिना. ८३ ने सुरुवात असेल तर १९७८ किंवा १९८८ चा मार्च. दशक मॉडेलवरून ठरवावे.

विक्रेत्याकडे झाकण उघडून मशीनचा फोटो अवश्य मागावा. टाळाटाळ झाली तर तेथेच थांबावे. 'चालू आहे' या शब्दावर जाऊ नये, हलवले की बंद घड्याळही दोन मिनिटे टिकटिकते. चावी भरून रात्री एक व सकाळी एक फोटो मागावा.

किमतीबाबत, मागितलेला भाव म्हणजे भाव नव्हे. तसाच माल प्रत्यक्षात कितीला गेला ते शोधावे आणि त्यातून साफसफाई व तेलपाण्याचा खर्च वजा करावा. परतीची सोय नसेल तर आगाऊ पैसे पाठवू नयेत. आम्ही पाठवले होते. विक्रेत्याने नंतर फोन उचलला नाही.

जावयाला अखेर एचएमटी 'जनता' दिले. चाचांच्याच दुकानातून, झाकण उघडून पाहून.