मांडणी-निर्बंध समीकरणे

मोबाईल ॲपच्या पडद्यावरील मजकूर, चित्रे, बटणे इ. घटकांची स्थाने व आकारमाने ज्या एकघाती समीकरणांनी व असमतांनी ठरविली जातात, त्यांना मांडणी-निर्बंध समीकरणे म्हणतात. पडद्याचे आकारमान संचागणिक बदलते. त्यामुळे प्रत्येक घटकाचे स्थान आधीच अंकांत न देता घटकांमधील संबंध तेवढे सांगितले जातात व प्रत्यक्ष मूल्ये संच स्वतः काढतो.

स्वरूप : निर्बंधाचे सर्वसाधारण रूप क = ग × ख + स असे असते. येथे क व ख ही दोन घटकांची कडा, रुंदी, उंची यांसारखी परिमाणे, ग हा गुणक व स हा स्थिरांक होय. उदा., ३६० एकके रुंदीच्या पडद्यावर समान रुंदीची (र) दोन बटणे शेजारी ठेवावयाची असून बाहेरचे समास प्रत्येकी १६ व मधले अंतर ८ एकके असेल, तर १६ + र + ८ + र + १६ = ३६०, म्हणजे र = १६० येते. पडदा ४१२ एककांचा असल्यास त्याच संबंधांवरून र = १८६ मिळते.

निर्बंध अपुरे असल्यास अनेक उत्तरे संभवतात व मांडणी अनिर्णीत राहते. परस्परविरोधी असल्यास उत्तरच मिळत नाही. यासाठी निर्बंधांना अग्रक्रम देतात. ॲपलच्या पद्धतीत तो १ ते १,००० असून १,००० हा अनिवार्य असतो; त्याहून कमी अग्रक्रमाचे निर्बंध शक्य तितकेच पाळले जातात.

इतिहास : आयव्हन सदरलंड यांच्या ‘स्केचपॅड’ (१९६३) या आरेखन-प्रणालीत निर्बंधांचा वापर प्रथम ठळकपणे झाला. ॲलन बोर्निंग, ग्रेग बॅड्रोस, पीटर स्टकी प्रभृतींनी १९९०–२००० या दशकात सिंप्लेक्स पद्धतीवर आधारित ‘कॅसोवरी’ ही रीती विकसित केली. ॲपलने ती २०११ मध्ये मॅक संगणकांसाठी व २०१२ मध्ये आयफोनसाठी स्वीकारली. अँड्रॉइडसाठी गूगलने तत्सम साधन २०१६ मध्ये जाहीर केले.

भारतीय लिप्या व निर्बंध : देवनागरीत मात्रा व रफार शिरोरेषेच्या वर, तर उकार अक्षराखाली येतात. केवळ रोमन अक्षरे गृहीत धरून उंची निश्चित केल्यास ही चिन्हे कापली जाण्याचा संभव असतो. वापरणाऱ्याने अक्षरे मोठी करून घेतल्यास तो वाढतो. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाईलवरून स्वतः करू लागले. अशा ॲपमध्ये उकार कापला गेला, तर ‘तूर’चे ‘तर’ व ‘मूग’चे ‘मग’ होईल, आणि नोंद करणारा चुकीच्या ओळीवर बोट ठेवील. म्हणून उंची = मजकुराची उंची + वरचा व खालचा समास हा संबंध घेऊन, स्पर्श सुलभ व्हावा यासाठी उंची ≥ ४८ अशी असमता जोडतात.

नांदेड जिल्ह्यातील देगलूर हा तालुका तेलंगण व कर्नाटक यांच्या सीमेलगत असून तेथे मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या भाषा कानी पडतात. एकच शब्द या भाषांत कमीअधिक जागा व्यापतो. शिवाय उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. यास्तव ‘डावी कडा’ व ‘उजवी कडा’ यांऐवजी ‘आरंभीची कडा’ व ‘अंतिम कडा’ अशी पदे समीकरणांत योजतात. त्यायोगे भाषा बदलताच मांडणी आपोआप उलटते आणि प्रत्येक भाषेसाठी वेगळा आराखडा करावा लागत नाही.