पोटातली भिंत आणि दादींचा वुजू

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात आठ महिने एक गोष्ट कोणालाच माहीत नव्हती. दादींना शौचावाटे रक्त जात होते. मूळव्याध असेल असे समजून त्या नातवाकडून मेडिकलमधले मलम मागवत राहिल्या. मलम कशाला हवे, हे नातवाने विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. त्यांना आजारापेक्षा मोठी चिंता नमाजची होती. दिवसातून सहा-सात वेळा जावे लागते, मग वुजू टिकतो की नाही? शेवटी हाच प्रश्न त्यांनी सुनेला विचारला आणि त्यातून सगळे बाहेर आले.

दुर्बिणीच्या तपासणीत मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा दिसल्या. आजाराचे नाव अल्सरेटिव्ह कोलायटिस. कर्करोग नव्हता, अलहम्दुलिल्लाह. पण ही सूज वर्षानुवर्षे धुमसत राहिली तर कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून साधारण आठ-दहा वर्षांनंतर ठरावीक काळाने दुर्बीण घालून पाहावे लागते, असे डॉक्टरांनी सांगितले. सुजेतून कर्करोग कसा होतो, हे समजून घ्यायचे आम्ही तेव्हाच ठरवले.

आपल्या शरीरात सुमारे ३८ लाख कोटी जीवाणू राहतात आणि त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात असतात. त्यांच्यात आणि आपल्या रक्तात भिंत असते ती पेशींच्या एकाच थराची. या पेशी एकमेकींना घट्ट बिलगून असतात आणि चार-पाच दिवसांत जुन्या जाऊन नव्या येतात. भिंतीवर बुळबुळीत श्लेष्म्याचे दोन थर असतात. २००८ मध्ये स्वीडनमधल्या गोटेनबर्ग विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवून दिले की, बाहेरच्या थरात जीवाणू असतात, पण आतल्या दाट थरात ते नसतात. म्हणजे शेजारी अंगणापर्यंत येतात, उंबरा ओलांडत नाहीत.

हे शेजारी फुकटात राहत नाहीत. आपल्याला न पचणारा चोथा, म्हणजे धान्याचा कोंडा, डाळींची साले, भाज्यांचे तंतू, ते आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचे आम्ल तयार होते. भिंतीच्या पेशींचे मुख्य इंधन तेच. सूज शांत ठेवण्याचे कामही ते करते. चोथा मिळाला नाही तर काय होते? २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या एका अभ्यासात, उपाशी जीवाणू श्लेष्म्याचा थरच खाऊ लागल्याचे दिसले. भिंत उघडी पडली, की जीवाणू पेशींना भिडतात आणि शरीर त्यांच्याशी लढायला सूज आणते. जखम, दुरुस्ती, पुन्हा जखम, हे वर्षानुवर्षे चालले तर पेशी सारख्या विभागत राहतात आणि त्यांच्या जनुकांत चुका साचतात. ई-कोलायच्या काही जाती तर जनुकांना थेट इजा करणारे विष बनवतात. त्या विषाच्या खुणा माणसाच्या आतड्याच्या कर्करोगातही सापडल्या आहेत. अर्थात वय, घराण्यातला आजार, तंबाखू हीही कारणे आहेतच. सगळा दोष जेवणाच्या माथी मारणे बरोबर नाही.

तरीही जेवणाचा परिणाम किती लवकर होतो, हे पाहून आम्ही चकित झालो. २०१५ च्या एका अभ्यासात २० आफ्रिकन-अमेरिकन आणि २० ग्रामीण दक्षिण आफ्रिकी लोकांचे जेवण दोन आठवड्यांसाठी अदलाबदल केले. भरपूर चोथा मिळालेल्या अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढले आणि सुजेच्या खुणा कमी झाल्या. चरबीचे जेवण मिळालेल्या आफ्रिकींमध्ये नेमके उलटे घडले.

आता आपला दस्तरख्वान पाहा. मराठवाड्याची ज्वारीची भाकरी, तुरीची डाळ, अंबाडीची भाजी हे सगळे त्या शेजाऱ्यांचेच अन्न. आणि दावतीतला नान-खलिया? तो या शहराची ओळख आहे, तो सोडा असे आम्ही म्हणणार नाही. पण मैद्याचा नान आणि गोश्त रोजचेच झाले आणि भाकरी पाहुणी झाली, तर हिशेब बिघडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ मध्ये सलामी-सॉसेजसारखे प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले, तर लाल मांस 'बहुधा' कर्करोगकारक. हलालचा शिक्का असला तरी सॉसेज सॉसेजच राहते. मनाने अँटिबायोटिक घेण्याची सवयही वाईट, कारण त्यात चांगले शेजारीही मरतात. मात्र सूज भडकलेली असताना भरपूर चोथा सोसत नाही. दादींना पहिले काही आठवडे मऊ भात आणि पातळ डाळच दिली होती.

वुजूचे उत्तर मौलाना साहेबांनी दोन मिनिटांत दिले. ज्याला सतत असा त्रास होतो तो माजूर. हनफी मतानुसार त्याने प्रत्येक नमाजच्या वेळेसाठी नवा वुजू करावा, आणि त्या वेळेत त्याच त्रासाने तो तुटत नाही. आठ महिने ज्या प्रश्नाने त्यांची झोप उडवली होती, तो एवढाच होता.

शौचात रक्त, काही आठवडे बदललेली सवय, अकारण घटलेले वजन, रक्ताची कमतरता यांपैकी काही दिसले तर मूळव्याध म्हणून बसू नका, मग वय तिशीचे का असेना. घाटीत जा. गरज पडली तर आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. बायकांना तपासणीची लाज वाटत असेल तर महिला डॉक्टर आहेत का, हे आधी विचारता येते. आम्हीही तेच केले.

दादींची पुढची तपासणी ठरायची आहे. ती रमजानच्या आधी उरकावी, असे त्यांनी स्वतःच डॉक्टरांना सांगितले आहे.