ओढ्याकाठची हलकी काठी

नवरात्र उलटलं की जिंतूरच्या टेकड्यांतल्या ओढ्यांचा गढूळपणा खाली बसतो. काळ्या खडकावरून नितळ पाणी वाहू लागतं. उन्हं ते पाणी आटवेपर्यंतचे थोडेच महिने परभणी जिल्ह्यात हे सुख मिळतं. येलदरीच्या जलाशयातले कटला-रोहू सगळ्यांना ठाऊक आहेत. मला ओढ आहे ती करपरेसारख्या लहान नद्यांची आणि बिननावाच्या ओढ्यांची. असल्या खळाळत्या पाण्यात झोऱ्या राहतो. अंगावर निळसर उभे पट्टे, लांबी बोटभर ते वीतभर, आणि वाहत येणारा कीटक झटक्यात टिपण्याची सवय. जरा संथ पाण्यात, पृष्ठभागाच्या अगदी लगत, रुपेरी आळकूट फिरते.

एवढ्याशा माशासाठी जाड काठी आणि शिशाचं वजन नेलं तर मासा लागलेला कळतसुद्धा नाही. इथे फ्लाय फिशिंगची हलकी काठीच हवी. या प्रकारात गळावर पिसं आणि धागा गुंडाळून खोटी माशी बांधतात. माशीला वजन नसतं, त्यामुळे ती नुसती भिरकावता येत नाही. म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं. ३ नंबरच्या दोरीचे पहिले ३० फूट जेमतेम साडेसहा ग्रॅम भरतात. ही दोरी मागे हवेत पुरती उलगडू द्यायची, मग काठी पुढे न्यायची. वाकलेली काठी सरळ होताना तिचा जोर दोरीतून पुढे सरकतो आणि माशी अलगद पाण्यावर उतरते. सहा-सात फुटी काठी असली की वीतभर झोऱ्याची प्रत्येक धडपड मनगटाला जाणवते.

ओढ्यावर तर रिळाचीही गरज नाही. जपानच्या डोंगरी नाल्यांवर टेंकारा नावाची पद्धत आहे: लांब लवचीक काठी, तिच्या टोकालाच बांधलेली दोरी आणि शेवटी माशी. २००९पासून अमेरिकेतही तिचा प्रसार झाला. आपल्याकडची पोरं वेळूच्या काठीला तंगूस बांधून गळाला गांडूळ लावतात, तीही मांडणी हीच. गांडुळाच्या जागी माशी बांधली की परभणीतला माणूस जवळपास खर्चाशिवाय सुरुवात करू शकतो.

काठी-गळाचा छंद इथल्या मातीला परकाही नाही. मराठवाड्यावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. त्या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात ‘मत्स्यविनोद’ असं स्वतंत्र प्रकरण आहे. माशांचे प्रकार, कोणाला कोणता चारा, दोरी आणि काठी कशी असावी, हे सगळं राजाने करमणुकीचा विषय म्हणून नोंदवलं आहे. गळाच्या मासेमारीवरचा इंग्रजीतला पहिला छापील ग्रंथ १४९६चा, म्हणजे त्यानंतर साडेतीन शतकांनी आलेला. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१मध्ये या प्रकरणावर निबंध लिहिला. आपल्या शाळांत मात्र या प्रकरणाचा फारसा उल्लेख होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

माशी बांधायला लागणारं सामानही गावातच मिळतं. मोराच्या गळून पडलेल्या पिसाचे तंतू गळाच्या दांडीभोवती गुंडाळले की किड्याचं चमकदार अंग तयार होतं. कोंबड्याच्या मानेवरची पिसं त्याचे पाय होतात. भारतीय कोंबड्यांची ही पिसं माशा बांधण्यासाठी विलायतेत वर्षानुवर्षं जात आली आहेत. झोऱ्याचं तोंड लहान, म्हणून १६ किंवा १८ नंबरचा बारीक गळ घ्यावा.

खरा आनंद पाणी वाचण्यात आहे. मासा तोंड प्रवाहाकडे करून थांबतो, कारण खाणं तिकडून येतं. म्हणून आपण खालच्या अंगाने, वाकून आणि सावली पाण्यावर न पाडता वर सरकायचं. धोंड्यामागे जिथे वेगवान धार संथ पाण्याला घासते, तिथे मासा कमी श्रमात खातो. माशी त्या रेषेच्या थोडी वर टाकावी आणि पाण्याच्या वेगानेच वाहू द्यावी. दोरी ताणली गेली, माशी घसरली, की झोऱ्या फसत नाही. वर करंजाच्या फांद्या असतील तर माशी चिमटीत धरून काठी धनुष्यासारखी वाकवावी आणि माशी सोडून द्यावी. शेवाळलेल्या खडकावर पाय मात्र जपून टाकावा.

गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकला की मासा फारशी इजा न होता सुटतो. त्याला हात लावण्याआधी हात ओले करावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. जलाशयांत मच्छीमार संस्थांचे ठेके असतात, तिथे आधी विचारावं. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला वर निघतात, तेव्हा काठी बाहेर काढूच नये. फाल्गुनात ओढा तुटून डोह उरतात. त्यांतले मासे पकडणं अगदी सोपं असतं, पण पुढच्या पावसाळ्यात सगळा ओढा त्यांच्याच पिल्लांनी भरायचा असतो. त्या डोहांकडे मी गळ घेऊन जात नाही, आणि इतरांनीही जाऊ नये.