सव्वाशे मीटरचं गाणं

जुन्या दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूवर किती खाचा असतात? कुणालाही विचारा, उत्तर शेकड्यांत येईल. खरं उत्तर आहे, एक! कडेला सुरू होऊन गोल गोल फिरत मधल्या लेबलापाशी संपणारी एकच सलग खाच.

आता थोडा हिशेब. मिनिटाला ७८ फेरे, वाजणार साधारण तीन मिनिटं, म्हणजे २३४ फेरे. सरासरी फेरा अर्ध्या मीटरहून जरा मोठा. ही खाच उलगडून सरळ अंथरली तर सव्वाशे मीटर भरेल. कल्याणला उभ्या असलेल्या बारा डब्यांच्या लोकलची जवळपास निम्मी लांबी!

आणि एवढ्या लांबीत ती डावी-उजवीकडे बारीक बारीक हेलकावत जाते. बस, तेवढंच. शब्द, सूर, ऑर्गन, तबला, गायकाने मध्येच घेतलेला श्वास, सगळं त्या हेलकाव्यात. तबल्याला वेगळी खाच नाही की ऑर्गनला वेगळी नाही. सगळ्यांची मिळून हवेत जी एक थरथर झाली, तीच कोरली गेली. मग त्या एका रेघेतून तबला वेगळा कोण काढतं? आपला कान. त्यापुढे ग्रामोफोन म्हणजे अगदीच साधं यंत्र म्हणायचं.

ही तबकडी कशाची? तिला धरून ठेवणारा मुख्य चिकट पदार्थ म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम यांच्या फांद्यांवर बारीक किडे बसतात, झाडाचा रस पितात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच करतात. तीच लाख. तिच्यात दगडाची पूड मिसळायची. दगड कशाला? तर पिन घासायला! पिन रेकॉर्ड झिजवते हे आपल्याला ठाऊक असतं. इथे रेकॉर्डच पोलादी पिन झिजवायची, तीही मुद्दाम. पहिल्या काही फेऱ्यांत पिनेचं टोक घासून खाचेच्या मापाचं व्हायचं. म्हणून तर दर बाजूला नवी पिन लावायची.

१९०२ साली ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने कलकत्त्यात गायिका गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. मूळ ध्वनिमुद्रिका बोटीने जर्मनीत हॅनोवरला गेल्या आणि तिथे छापलेल्या रेकॉर्डी परत इकडे आल्या. जगाला लाख पुरवणारा देश आपला, गाणारा गळा आपला आणि छापखाना मात्र जर्मनीत! कलकत्त्यातला सियालदहचा कारखाना निघाला तो १९०८ साली. शिवाय तेव्हा रेकॉर्डिंगला मायक्रोफोनच नव्हता, तो आला १९२५ च्या सुमाराला. तोवर गायक कर्ण्यासमोर उभा राहून गायचा आणि त्याच्या आवाजाचा जोर थेट मेणात सुई चालवायचा. वीज नाही, दुरुस्ती नाही. घोळ झाला की पुन्हा पहिल्यापासून.

दोन-तीन तास रंगणारा ख्याल तीन मिनिटांत बसवायचा, ही केवढी अडचण! पण माझं मत विचाराल तर याच अडचणीने रेकॉर्ड मित्रांत बसून ऐकायची गोष्ट झाली. दर तीन मिनिटांनी कुणाला तरी उठावंच लागतं. पिन बदला, चावी भरा, तबकडी उलटा. तेवढ्या फटीत गप्पा शिरतात. फोनवर गाणी आपोआप एकामागून एक येत राहतात, तिथे ‘वा!’ म्हणायलाही कुणी थांबत नाही.

१९९० मध्ये मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन झाली, ती अशाच वेड्या मंडळींची. आपल्याकडची रेकॉर्ड आणायची, सगळ्यांनी मिळून ऐकायची. ठाणे-डोंबिवलीच्या दिवाणखान्यांतही असे अड्डे जमतात. ठाणेकर असला की गीतकार पी. सावळारामांचं गाणं लावायचा आग्रह ठरलेला, आणि ते आमचे नगराध्यक्ष होते हे ऐकवणंही ठरलेलं!

भांडणं होतात ती वेगावरून. ७८ चे फेरे ८२-८३ झाले की काळी एकमध्ये गाणारा गायक पांढरी दोनमध्ये जातो. आवाज पातळ, लय चढी. मग खरी पट्टी कोणती? यावर उपाय एका कागदाच्या चकतीत आहे. तिच्या कडेवर ७७ रेघा, चकती फिरत्या रेकॉर्डवर ठेवायची आणि वर चोकवाली जुनी ट्यूबलाइट लावायची. ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. आपल्याला कळत नाही, पण चकतीला कळतं! वेग बरोबर असेल तर गरगर फिरणाऱ्या रेघा जागच्या जागी थिजलेल्या दिसतात. रेघा पुढे सरकल्या तर वेग जास्त, मागे गेल्या तर कमी. स्क्रू जरासा पिळायचा.

अर्थात एवढं करूनही काही आवाज सापडत नाहीत. कल्याणच्या गायन समाजाचा देवगंधर्व महोत्सव प्रसिद्ध आहे. देवगंधर्व म्हणजे भास्करबुवा बखले. बुवा १९२२ साली गेले. त्या काळात रेकॉर्डी निघत होत्या, तरी त्यांच्या गाण्याची एकही रेकॉर्ड उपलब्ध नाही. त्यांचे शिष्य बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव यांच्या मात्र भरपूर. मग काय, शिष्यांच्या तबकड्या लावून मंडळी गुरूला शोधत बसतात. एखादी जागा आली की एकजण म्हणतो, ही बुवांचीच. दुसरा म्हणतो, छे, ही यांची स्वतःची. तिसरा काही न बोलता पिन उचलून चार खाचा मागे, नव्हे, त्याच एका खाचेत चार फेरे मागे ठेवतो.