शाळेच्या कॅमेऱ्यासाठी रिचार्जेबल सेल कसे निवडावेत?

प्रजासत्ताक दिनाची गोष्ट. पहिलीची मुलं पहिल्यांदाच लेझीम घेऊन मैदानात उतरली आणि नेमका शाळेचा कॅमेरा बंद पडला! सेल तर दिवाळीच्या सुट्टीनंतर पूर्ण चार्ज करून कपाटात ठेवले होते. दुकानातले सगळ्यात जास्त आकड्याचे, २७०० चे. संध्याकाळी एका आईने विचारलं, "मॅडम, आमच्या पोरीचा एक तरी फोटो आहे का हो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग हा विषय नीट समजून घेतला. पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा तुमच्याकडे असेल, तर तुम्हालाही उपयोग होईल.

साधे सेल का टिकत नाहीत?

भिंतीवरचं घड्याळ एका सेलवर कित्येक महिने चालतं, कारण त्याला वीज थेंबथेंब लागते. कॅमेऱ्याला मात्र स्क्रीन, लेन्सची मोटर आणि फ्लॅशसाठी एकदम भरपूर वीज लागते. साध्या आणि अल्कलाइन सेलमधून एवढी वीज खेचली की त्यांचा व्होल्टेज घसरतो. आत वीज शिल्लक असूनही कॅमेरा 'बॅटरी संपली' असं दाखवतो. तोच सेल घड्याळात घाला, पुढे बरेच दिवस चालेल. मुलांना हा प्रयोग जरूर दाखवा.

रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राइड सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचा असतो. पण जास्त वीज खेचली तरी त्याचा व्होल्टेज बराच स्थिर राहतो, म्हणून कॅमेऱ्यासाठी तोच बरा.

आकडा मोठा म्हणजे सेल चांगला?

सेलवर २०००, २५०० असा एमएएचचा आकडा असतो. म्हणजे माठात पाणी किती मावतं ते. पण माठ पाझरतोही ना! नेहमीचे रिचार्जेबल सेल नुसते ठेवले तरी दोन-तीन महिन्यांत बरेच रिकामे होतात. आमचं तेच झालं.

यावर उपाय म्हणजे कमी पाझरणारे सेल. २००५ मध्ये सान्यो कंपनीने 'एनेलूप' नावाने असे सेल आणले. आता इतर कंपन्यांचेही मिळतात. त्यांच्यावर आकडा साधारण २००० असतो, पण वर्षभर पडून राहिले तरी निम्म्याहून बरीच जास्त वीज शिल्लक राहते. पाकिटावर 'प्री-चार्ज्ड' किंवा 'रेडी टू यूज' लिहिलंय का ते बघा. शाळेचा कॅमेरा महिन्यातून एकदा-दोनदाच निघतो, त्यामुळे आपल्याला हेच सेल योग्य. रोज फोटो काढणाऱ्याने मोठा आकडा घेतला तर चालेल. पण पेन्सिल सेलवर ४००० छापलं असेल, तर विश्वास ठेवू नका.

चार्जरचं गणित

२००० एमएएचचा सेल, २५० मिलिअँपिअरचा चार्जर. २००० ÷ २५० = ८ तास. थोडी वीज उष्णतेत वाया जाते, म्हणून नऊ-दहा तास धरा. पाचवीच्या मुलांना भागाकाराचं छान उदाहरण! चार्जर शक्यतो सेल भरल्यावर आपोआप थांबणारा आणि प्रत्येक सेलसाठी वेगळा दिवा असलेला घ्या.

एवढं लक्षात ठेवा

१. जुने-नवे किंवा वेगवेगळ्या कंपन्यांचे सेल एकत्र घालू नका. एक कमजोर सेल सगळ्यांना अडवतो.
२. साधे किंवा अल्कलाइन सेल या चार्जरमध्ये कधीच लावू नका. ते गळू शकतात, फुटूही शकतात.
३. कॅमेऱ्याच्या मेनूमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असेल, तर तो बदला. नाहीतर कॅमेरा बॅटरी चुकीची दाखवतो.
४. सेलच्या जोडीवर खरेदीची तारीख लिहा आणि एक भरलेली जोडी जवळ ठेवा.
५. निकामी सेल कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्या.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी एकदा कॅमेरा सुरू करून बघायचा, हा नियम आम्ही आता केला आहे. फोटो परत काढता येतो, पण पहिलं लेझीम परत येत नाही.