एस्प्रेसो यंत्र घेण्यापूर्वी

अलिबागजवळ पर्यटकांसाठी घरगुती निवास चालवणाऱ्या एका स्नेह्यांनी आम्हाला विचारले, "एस्प्रेसोचे यंत्र कोणते घेऊ?" लग्नात फुसफुसणाऱ्या यंत्रातून मिळते ती 'एक्स्प्रेसो' म्हणजे कॉफीची तयार पूड आणि वाफेने फेसाळलेले दूध! खऱ्या एस्प्रेसोसाठी सुमारे ९० अंश सेल्सियसचे पाणी ९ बार दाबाने, म्हणजे ९० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतक्या दाबाने, कॉफीच्या बारीक पुडीतून २५-३० सेकंद ढकलतात. हा दाब नुसत्या वाफेने मिळवायचा तर पाणी १८० अंशांपर्यंत तापवावे लागेल, कॉफी करपेल. म्हणून पंप हवाच. खोक्यावरचे '१५ बार' ही पंपाची कमाल क्षमता. तिला भुलू नये. घरी छोटे यंत्र पुरते. धंद्यासाठी कॉफी आणि वाफ एकाच वेळी देणारे घ्यावे. पाणी विहिरीचे असेल, तर आधी साबणाचा फेस करून पाहावा. ते दुष्फेन निघाले, तर महागड्या यंत्रातही क्षारांचे थर साचणारच.